चाकांवरचा ओटा

अमेरिकेत जुन्या आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, आठवण काढणारी माणसं पुष्कळ भेटतात. पेट्रोल पंपावर, कॅम्पग्राउंडच्या कपडे धुण्याच्या खोलीत, कधी दातांच्या दवाखान्यातसुद्धा. 'आमच्या वडिलांकडे होती' अशी सुरुवात होते. मी मुद्दाम खोदून विचारते. कुठे कुठे गेला होतात, हे त्यांना धड सांगता येत नाही. यलोस्टोन आधी की योसेमिटी, यावर भावंडांचं एकमत नसतं. पण टेबलाचा पलंग कसा व्हायचा, कपाटाचं दार वळणावर उघडू नये म्हणून आईने कडीला रबर कसं गुंडाळलं होतं, रात्री कुणी नळ सोडला की पाण्याचा पंप कसा घरघरायचा, हे मात्र घडाघडा सांगतात. माणूस हळवा होतो तो सोयींच्या आठवणीने. देखावे मागे राहतात. या वहीतली बरीच टिपणं त्याच नादाने झाली आहेत.

*

टेबलाचा पलंग करायची रीत. टेबलाला एकच पाय असतो, जमिनीतल्या खोबणीत बसवलेला. टेबल उचलून किंचित तिरकं केलं की भिंतीकडची पट्टी सुटते. पाय काढून बाकाखाली सरकवायचा, फळी दोन्ही बाकांच्या कडांवर आडवी टाकायची आणि पाठीच्या गाद्या मधल्या जागेत भरायच्या. गाद्या कधीच नेमक्या बसत नाहीत. चार बोटांची फट राहते आणि तिच्यात पेन्सिली, मोजे, बेदाणे गडप होतात.

मुलं लहान असताना आम्ही भाड्याची गाडी घ्यायचो, तेव्हा हे काम धाकट्याकडे असे. आता तो त्या पलंगावर मावणार नाही एवढा झालाय. तरी आमच्या गाडीत शिरला की पहिल्यांदा वाकून टेबलाचा पाय कसा बसवलाय ते बघतो.

*

एअरस्ट्रीम या ट्रेलरच्या जन्माची गोष्ट कंपनीच्या इतिहासात सांगतात ती अशी. संस्थापक वॉली बायमला उघड्यावर मुक्काम करायची हौस. बायकोला तंबूत राहायचं नव्हतं. स्वयंपाकघराशिवाय मी येणार नाही, असं तिने सांगितलं. मग त्याने जुन्या फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर एक निवारा बांधला, पुढे त्यात बर्फाची पेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह आला. १९३६ साली त्याने 'क्लिपर' बाजारात आणली : ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडलेली, चौघांना झोपता येईल, पाण्याची स्वतःची टाकी, विजेचे दिवे. किंमत १२०० डॉलर, म्हणजे मंदीच्या त्या दिवसांत भलतीच.

त्या चकचकीत गोल आकाराचं कौतुक सगळे करतात. तो आकार मुळात हॉली बौलस या विमानं बांधणाऱ्याच्या १९३४ च्या 'रोड चीफ'वरून आलेला. पण त्या बाईच्या अटीचं कौतुक व्हायला हवं. जंगलात जायचं तर ओटा बरोबर हवा, हे म्हणणं आळशीपणाचं नव्हतं. तंबूच्या मुक्कामात चूल कुणाला फुंकावी लागते, भांडी ओढ्यावर कोण घासतं, हे तिला ठाऊक होतं. तिने सहलीतला आपला वाटा मागितला.

*

आम्ही ओहायोत राहतो, त्यामुळे जॅक्सन सेंटरचा कारखाना आमच्या टप्प्यातला. छोटं गाव, चहूकडे मका आणि सोयाबीन. एअरस्ट्रीम १९५२ पासून तिथे बनते. कारखाना बघायला येणाऱ्यांना फिरवून आणतात.

तिथे रिव्हेट मारणारी जोडी मी बराच वेळ बघत उभी राहिले. एक जण बाहेरून हवेची बंदूक पत्र्याला लावतो. दुसरा आत, पत्र्यापलीकडे, लोखंडाचा ठोकळा रिव्हेटच्या मागच्या टोकाला दाबून धरतो. बंदूक सुटली की टोक ठोकळ्यावर चेपतं आणि पत्रे पकडले जातात. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मधे पत्रा. तरी बाहेरचा पुढच्या भोकाकडे सरकला की आतला त्याच क्षणी सरकतो, नुसत्या आवाजाच्या अंदाजाने. एका ट्रेलरला असे हजारो रिव्हेट. शेवटी अख्खा ट्रेलर पाण्याच्या फवाऱ्यात उभा करून गळतो का ते बघतात. गळती हा या सगळ्या धंद्याचा खरा शत्रू. त्याबद्दल पुढे लिहीन.

*

त्याच कारखान्यापासून अर्ध्या तासावर वापाकोनेटा आहे, नील आर्मस्ट्राँगचं गाव. चंद्रावरून परत आल्यावर, जुलै १९६९ मध्ये, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना विलगीकरणात ठेवलं ते एअरस्ट्रीमच्या सांगाड्यावर बेतलेल्या ट्रेलरमध्ये. चंद्रावरचे जंतू आले असतील अशी भीती होती. 'हॉर्नेट' युद्धनौकेवर निक्सन त्यांना भेटले ते मागच्या छोट्या खिडकीच्या काचेतून. हा ट्रेलर आता वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हाझी संग्रहालयात आहे. आत बाकं, बिछाने, न्हाणी, स्वयंपाकाची सोय. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना त्या दिवशी तेवढंच लागत होतं.

*

आमच्या लहानपणी प्रवासाला निघताना घराचा एक तुकडाच बरोबर निघायचा. होल्डॉलमध्ये गाद्या-चादरी, फिरकीचा तांब्या, दशम्या, तिळाची चटणी, कोरड्या फडक्यात लिंबाचं लोणचं. बाहेरचं खायचं नाही, बाहेरच्या अंथरुणावर झोपायचं नाही. या नियमांमागे सोवळंओवळं आणि भेदाभेदही होता, ते विसरून त्यांचं गुणगान मी करणार नाही. पण परक्या जागी आपली उशी असली की झोप लागते, हे त्या पिढीला पक्कं माहीत होतं. होल्डॉलच्या कातडी पट्ट्या वडील गुडघ्याने दाबून आवळायचे. त्या पट्ट्यांच्या भोकांपैकी ज्या भोकात बक्कल दर वेळी बसे, ते लांबट होऊन गेलं होतं.

*

आता ज्यासाठी ही वही उघडली ते.

माझी आई एसटीने प्रवास करताना पाणी पीत नसे. निघायच्या आधी सकाळचा चहासुद्धा अर्धा कप. सोलापूरहून पुण्याला, पुण्याहून महाबळेश्वरला, मे महिन्याच्या उन्हात, ओठ सुकलेले, डोकं दुखतंय, पण तांब्या उघडायचा तो आमच्यासाठी. कारण स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत जाववत नसे आणि मधे कुठे गाडी थांबवायची सोय नव्हती. आई एकटी नव्हती. बसमधल्या बहुतेक बायका तशाच बसलेल्या असायच्या, आणि याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. अजूनही महाराष्ट्रात लांबच्या प्रवासाला निघालेल्या बायका घोट मोजून पाणी पितात. मधुमेह असलेल्या तशाच पितात, गरोदर तशाच, सत्तरीच्याही तशाच.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा आम्ही त्यांना आरव्हीतून दक्षिण डाकोटाकडे नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने पाणी बंद केलं. इंडियानातून इलिनॉयमध्ये शिरेपर्यंत एक घोट नाही. मी त्यांना म्हटलं, "आई, मागे आपला स्वतःचा संडास आहे. गाडी बाजूला घेतली की जाऊन यायचं. दार लागतं, दिवा लागतो, पाणी येतं." त्या म्हणाल्या, "अगं, पण कुणासाठी कशाला गाडी थांबवायची?" माझा नवरा काही न बोलता पुढच्या विश्रांतिस्थळावर वळला. त्या आत गेल्या. बाहेर आल्यावर ओंजळीने तोंड धुतलं, ओट्यावरचा तांब्या उचलला आणि उभ्यानेच सगळा रिकामा केला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांना जितकं पाणी पिताना पाहिलं तितकं कधीच पाहिलं नव्हतं. खिडकीत बसून बॅडलँड्सचे डोंगर बघत, हातात पेला. माउंट रशमोरचे चार दगडी चेहरे त्यांना फारसे आवडले नाहीत. परत गेल्यावर नणंदेला फोनवर पहिलं सांगितलं ते न्हाणीघराचं.

ज्यांना वाटतं की सोय आली की प्रवासातला राम गेला, त्यांनी कधी दिवसभर तहान दाबून निसर्ग बघितलेला नाही.

*

ब्लॅक टँक म्हणजे संडासाची टाकी, ग्रे टँक म्हणजे आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची. डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाचं पाणी मागून येऊन नळी धुऊन नेतं. हातमोजे घालायचे. नळीचं टोक भोकात नीट बसलंय हे बघायचं, त्यावर दगड ठेवायचा. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी या कामाच्या जवळपासही आणायची नाही. झडप ओढली की टाकी रिकामी होतानाचा आवाज ऐकू येतो आणि तो पातळ झाला की कळतं, झालं.

हे काम ज्याचं त्याने करायचं असतं. पन्नास लाखांच्या गाडीचा मालकही वाकून नळी धरतो, त्याच्या मागे रांगेत निवृत्त न्यायाधीश असेल किंवा प्लंबर. आपल्याकडे या कामाची किंमत काही जातींनी पिढ्यान् पिढ्या मोजली आहे. कणकवलीजवळ गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धन स्वतः संडास साफ करत, मैल्याचं खत करण्याचे प्रयोग करत, आणि हे काम प्रत्येकाने करावं म्हणून आयुष्यभर झगडले. आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ आरव्ही घ्यायला तयार होते, या एका कामापाशी अडले. मी त्यांना अप्पासाहेबांबद्दल सांगितलं. जे आपण केलं ते आपण उचलावं, यात कमीपणा मला कधी वाटला नाही. उलट घर नावाची गोष्ट रोज किती पाणी पिते आणि किती घाण टाकते, हे त्या टाक्यांच्या काट्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं.

*

टिन कॅन टूरिस्ट्स : १९१९, फ्लोरिडात टॅम्पाचं डी सोटो पार्क. गाडीतून फिरणाऱ्या, रस्त्याकडेला राहणाऱ्या लोकांची ही पहिल्या काही संघटनांपैकी एक. ओळखीची खूण म्हणून रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा डाग देऊन बसवायचे. समोरून डबा दिसला की थांबायचं, काही हवंनको विचारायचं. आजही आरव्हीवाले समोरून येणाऱ्या आरव्हीला हात करतात.

*

जुन्या गाडीतला फ्रिज आगीवर चालतो, हे कुणालाही सांगितलं तरी पटत नाही. बाहेरच्या बाजूने जाळीचं झाकण काढलं की खाली नखाएवढी निळी ज्योत दिसते. ती अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवते, अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन पातळ होते, मग हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेते. पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही, म्हणून आवाजही नाही. फोन प्लॅटन आणि मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे शोधलं.

त्याची एकच अट : गाडी सपाट उभी हवी. तिरकी असली तर आतला द्रव अडून बसतो आणि फ्रिज बिघडतो. म्हणून मुक्कामावर पोचल्यावर पहिलं काम पाणसळ बघायचं, चाकाखाली ठोकळे सरकवायचे. नव्या गाड्यांत बॅटरीवरचे कॉम्प्रेसर फ्रिज येतात, लवकर गार होतात, उतारावरही चालतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण वाळवंटात, वीज नसलेल्या जागी, रात्रभर गुपचूप जळणाऱ्या त्या ज्योतीवर दही आंबू न देता टिकवलंय, त्यामुळे माझा जीव जुन्याकडे.

*

स्वयंपाकाच्या नोंदी.

यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज सरोवराच्या काठी आहे, समुद्रसपाटीपासून जवळजवळ २४०० मीटरवर. अस्वलांचा भाग, म्हणून तंबूंना मनाई, फक्त टणक भिंतींच्या गाड्या. त्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर असला की प्रश्न मिटतो, गॅस वाचतो, पाणीही कमी लागतं. शेजारच्या कॅनडियन बाई पहिल्या शिट्टीला धावत बाहेर आल्या. मग त्यांनी आमटी-भात खाल्ला आणि शिट्ट्या कशा मोजतात ते विचारून घेतलं.

फोडणी : आधी छतावरचा पंखा चालू, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, मगच तेल. नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा गजर बोंबलतो. मिरच्या तळायच्या असतील तर बाहेरच्या बर्नरवर. जिथे अस्वलं असतील तिथे तळायच्याच नाहीत.

तीस अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने ३६०० वॉट मिळतात. एसी चालू, मायक्रोवेव्ह चालू, आणि वर कुणी विजेची किटली लावली की सगळं बंद. चहा गॅसवर. हा नियम आमच्याकडे पाहुण्यांना दारातच सांगतात.

पाणी संपत आलं की पोळ्या बाद, थालीपीठ चालू. परात धुवायला लागत नाही. एकाच पातेल्यात भिजवून, तव्यावरच थापून. एकदा यूटामध्ये अशा टंचाईत सलग थालीपीठं झाली आणि मुलं अजून तो प्रवास 'थालीपिठाचा' म्हणूनच ओळखतात.

कढीपत्त्याचं रोप बरोबर न्यायचं नाही, विशेषतः कॅलिफोर्नियाकडे जाताना आणि येताना. संत्र्या-लिंबांच्या बागा मारणाऱ्या रोगाचा प्रसार करणारी कीड कढीपत्त्यावर वाढते, त्यामुळे त्याच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. राज्याच्या सीमेवर तपासणी नाकी असतात, विचारतात. वाळवून, चुरून डबीत भरलेला वापरायचा. वास निम्मा येतो, पण कुणाची बाग धोक्यात घालण्यापेक्षा ते बरं.

*

लेखक स्टाइनबेक १९६० मध्ये पिकअप ट्रकवर खोली बसवून, चार्ली नावाचा कुत्रा घेऊन अमेरिका फिरला. ट्रकचं नाव रोसिनांते. तो कॅलिफोर्नियात सॅलिनसच्या संग्रहालयात ठेवलाय. त्या प्रवासावरच्या त्याच्या पुस्तकातले थोर विचार लोक सांगतात. मला आठवतं ते त्याचं धुणं. झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत कपडे, गरम पाणी आणि साबण घालायचा, बादली कपाटात लवचीक दोरीने टांगायची आणि गाडी हाकायची. रस्त्याचे हिसके कपडे घुसळतात. संध्याकाळी ओढ्यात खळबळून वाळत टाकायचे. मी हे करून पाहिलं आहे. उत्तम होतं. झाकण मात्र घट्ट हवं.

*

जुन्या सोनेरी दिवसांबद्दल बोलणाऱ्यांनी शेनान्डोआमधल्या लुइस माउंटनला जावं. व्हर्जिनियाच्या या राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळा तळ उघडला तो हा. बाकीचे तळ गोऱ्यांचे. महायुद्धानंतर हा भेद हळूहळू गेला. तळ अजून आहे, छोटा, झाडीत, छान सावलीचा. त्याच काळात न्यूयॉर्कचा टपालवाला व्हिक्टर ग्रीन १९३६ पासून एक मार्गदर्शिका काढत होता : कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे पेट्रोल. ज्यांना दर मुक्कामाला नकाराची धास्ती, त्यांच्या आठवणी वेगळ्या असणार. लुइस माउंटनच्या एका बाकावर एक वयस्क बाई भेटल्या. त्यांचे वडील मागच्या सीटवर बादली आणि दोन वेळचं जेवण घेतल्याशिवाय निघत नसत. मी त्यांना माझ्या आईचं पाणी न पिणं सांगितलं. कारणं निराळी होती आणि त्यांचं दुखणं कितीतरी खोल. तरी आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

*

जीएमसीची मोटरहोम, १९७३ ते १९७८. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे खालून दांडा मागे जात नाही आणि जमीन इतकी खाली की सासूबाई एका पायरीत चढतील. काचा मोठ्या, चहूबाजूंनी. इतकी वर्षं झाली, अजून रस्त्यावर दिसतात. हौशी लोक त्यांचे सुटे भाग स्वतः बनवून एकमेकांना देतात. हे वेड मला कळतं. त्या गाडीत म्हातारं माणूस सहज चढू शकतं, बसल्या जागेवरून बाहेर बघू शकतं.

आता नव्या गाड्यांना जुना रंग लावून, विनेबागो कंपनीचा पंख असलेला डब्ल्यू रंगवून आठवणी विकतात. रंगाला माझी हरकत नाही. खिडक्या बघा. पुष्कळ नव्या गाड्यांत त्या बारीक झाल्यात, भिंतीवर टीव्ही मोठा झालाय, आणि समोरासमोर उघडणारी जोडी मिळेलच असं नाही. मला विचाराल तर वारा आरपार जाणाऱ्या दोन खिडक्यांसाठी मी तीन टीव्ही सोडीन.

*

इंडियानातलं एल्कहार्ट हे या उद्योगाचं माहेर. तिथल्या संग्रहालयात मे वेस्ट या नटीसाठी पॅरामाउंटने करून दिलेली १९३१ ची शेव्हरोले घरगाडी आहे. मागे इवलासा ओसरा. चित्रीकरण नसेल तेव्हा ती तिथे खुर्ची टाकून बसायची, असं सांगतात. 

*

बासष्ट पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास. ऐंशी डॉलर, २०१७ च्या उन्हाळ्यापर्यंत दहालाच होता. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. पुष्कळ सरकारी तळांवर मुक्कामही निम्म्या दरात. आपल्या लोकांत बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. कळवत राहावं.

*

ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला जानेवारीत वाळवंटभर गाड्या. कुणी थंडी चुकवायला आलेले, कुणी दगड-खडे विकायला. आणि काही जण ज्यांना घरच परवडत नाही. 'नोमॅडलँड' चित्रपटानंतर हे लोकांना माहीत झालं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. एकाच रांगेत आमची सहलीची गाडी आणि शेजारी एका बाईंची जुनी व्हॅन, काचांना चांदीचा कागद. त्यांची गाडी मी आजवर पाहिलेल्या गाड्यांत सगळ्यांत नीट लावलेली होती. प्रत्येक डब्याला जागा, प्रत्येक जागेला डबा. त्यांच्याकडून मी टाकीचं पाणी पुरवून वापरायच्या युक्त्या शिकले. त्यांना परतायला घर नव्हतं. आम्हाला होतं. हा फरक कुठल्याही सोयीने भरून निघत नाही, आणि आरव्हीच्या आठवणींवर लिहिताना तो गाळला तर लिहिणं खोटं ठरेल.

*

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. पुण्यातल्या भाच्याचा लगेच फोन : मावशी, घेऊ का एक? मी त्याला सांगितलं, गाडी नंतर बघ. तारकर्लीला जायचं तर मधे टाकी कुठे रिकामी करणार, स्वच्छ पाणी कुठे भरणार, रात्री वीज कुठे जोडणार, ते आधी बघ. घाटातल्या वळणांना लांब गाडी चालणार नाही, छोटी घे. अमेरिकेत आरव्ही चालते ती गावोगावच्या तळांमुळे. मोंटानातल्या बिलिंग्जला १९६२ मध्ये यलोस्टोन नदीकाठी केओए या कंपनीचा पहिला तळ निघाला, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला जाणाऱ्या लोकांसाठी. तिथे गरम पाण्याचे शॉवर आणि दुकान होतं. त्यातून देशभर जाळं झालं. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडलगत एक डम्प स्टेशन आणि बायकांसाठी पाण्याची, कडीची, उजेडाची स्वच्छतागृहं एकाच वेळी बांधली, तर कॅरॅव्हॅन न घेणाऱ्यांचंही भलं होईल. मला हे खरोखर व्हायला हवंय.

*

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या मंडळातल्या जोडप्याला दिलेली यादी, इथेही उतरवून ठेवते.

खिडक्यांखालच्या आणि छताच्या कोपऱ्यांतल्या भिंती अंगठ्याने दाबून बघा. दबल्या तर आत पाणी मुरलंय, लाकूड कुजलंय. किती स्वस्त देत असले तरी परत या. छतावर चढून सांध्यांचं सील बघा. टायर नवे दिसतात म्हणून फसू नका, कडेवर शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. न धावताही टायर म्हातारे होतात. फ्रिज आदल्या रात्री चालू करून ठेवायला सांगा आणि सकाळी हात घालून बघा. थंडीआधी नळांत गुलाबी अँटीफ्रीझ भरत होते का, ते विचारा.

मग दोघंही चपला काढून पलंगावर आडवे व्हा. रात्री उठायचं झालं तर एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं का, ते बघा. संडासात जाऊन दार लावून बसा. गुडघे आपटतात का. ओट्याशी उभं राहून खोटीखोटी भाजी परता, दोघांनीही, आळीपाळीने. विक्रेता बघत असेल तर बघू दे. टेबलाशी समोरासमोर बसा आणि खिडकी उघडा. ही सगळी कामं होईपर्यंत किंमत विचारू नका.

त्यांनी मागच्या शनिवारी दोन गाड्या पाहिल्या. पहिलीची भिंत दबली. दुसरीत वहिनींचे गुडघे आपटले. येत्या शनिवारी तिसरी बघायला जाणार आहेत, आणि मलाही बोलावलंय.